हँडबॉलमधली हूल: आधी धमकी खरी हवी

शाळा-कॉलेजच्या मैदानावर हँडबॉलचा सराव चालू असला की एक गोष्ट हमखास दिसते. जमिनीवर पाच-सहा मार्कर ओळीने मांडलेले असतात आणि मुलं चेंडू घेऊन प्रत्येक मार्करपाशी डावीकडे झुकतात, उजवीकडे निघतात. पायांची हालचाल बघायला छान वाटते. मग सामना सुरू होतो आणि तीच मुलं बचावपटूच्या छातीवर जाऊन आदळतात. शिट्टी वाजते, चेंडू समोरच्या संघाकडे जातो. बाहेरून प्रशिक्षक ओरडतात, ‘अरे, हूल दे ना!’ मुलाने हूल दिलेलीच असते. पण मार्करला वजन नसतं, हात नसतात आणि तो कशाला उत्तरही देत नाही. त्यामुळे समोरच्याचं उत्तर बघायचं असतं, हे त्या मुलाला कुणी शिकवलेलंच नसतं.

हा लेख खेळाडूंसाठी आहे, आणि शाळेत दोन-तीन खेळ एकट्याने सांभाळणाऱ्या क्रीडाशिक्षकांसाठीही आहे. माझं म्हणणं असं आहे की हूल ही पायांची कसरत म्हणून शिकवली की ती सामन्यात चालत नाही. तिची सुरुवात खऱ्या धमकीपासून होते. डावीकडे झुकलेला खेळाडू खरोखरच डावीकडून गोल करू शकतो, असं बचावपटूला वाटलं तरच तो डावीकडे वजन टाकेल. वाटलं नाही, तर तो जागचा हलणार नाही आणि उजवीकडे निघालेले तुम्ही थेट त्याच्या अंगावर जाल.

६-० बचावाचं उदाहरण घ्या. सहाही बचावपटू सहा मीटरच्या रेषेला धरून उभे आहेत. तुमच्या बॅकला नऊ मीटरवरून जोरकस जंप शॉट मारता येत नसेल, तर कुणीही पुढे येणार नाही. ते शांतपणे रेषेवर उभे राहतील, आणि दोन बचावपटू खांद्याला खांदा लावून उभे असताना त्यांच्यासमोर कितीही सुंदर हूल दिली तरी पलीकडे जायला जागाच नसते. अशा संघाने आधी लांबून मारण्याचा सराव वाढवावा. बचावपटू आठ-नऊ मीटरपर्यंत बाहेर येऊ लागला की त्याच्या पाठीमागे जागा तयार होते आणि मग हुलीला अर्थ येतो. ३-२-१ सारख्या पुढे येऊन खेळणाऱ्या बचावासमोर ही जागा आधीच असते, म्हणून तिथे एकास एक खेळणारा खेळाडू सोन्याचा.

धमकी फटक्याचीच असली पाहिजे असं मात्र नाही. नॉर्वेची स्टीने ओफ्टेडाल उंचीने लहान. तरी ती २०१९ मध्ये जगातली सर्वोत्तम महिला हँडबॉलपटू ठरली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकूनच निवृत्त झाली. तिची धमकी वेगाची आणि पासची असे. क्रोएशियाच्या इव्हानो बालिचकडे पिव्होटला, म्हणजे बचावाच्या रेषेत उभ्या असलेल्या साथीदाराला, चेंडू देण्याची अशी हातोटी होती की बचावपटूचं अर्धं लक्ष पाठीमागेच राहायचं. डेन्मार्कचा मथियास गिडसेल पॅरिसमध्येच सुवर्ण जिंकून स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो डावखुरा असून उजव्या बॅकच्या जागी खेळतो, आणि चेंडू हातात येण्याआधीच तो धावत असतो. या तिघांच्या चित्रफिती मिळाल्या तर जरूर बघा. पण चेंडू आणि गोल बघण्याआधी समोरच्या बचावपटूचे पाय बघा. तो कोणत्या क्षणी चुकीच्या पायावर गेला, हे सापडेपर्यंत तीच फीत पुन्हा लावा.

चेंडू येण्याआधीचे दोन मीटर

हुलीचं निम्मं काम चेंडू हातात येण्यापूर्वी होतं. उभ्याने चेंडू घेऊन मग हूल द्यायला गेलात, तर बचावपटूला तयारीला वेळ मिळतो. म्हणून जिथे चेंडू घ्यायचा आहे, त्याच्या दोन-तीन मीटर मागून धाव सुरू करा. पास देणाऱ्याने चेंडू तुमच्या पुढच्या जागेत टाकायचा आणि तुम्ही धावत जाऊन तो घ्यायचा. धावेची दिशाही महत्त्वाची. बचावपटूच्या नाकासमोर जाण्यापेक्षा तो आणि त्याचा शेजारी यांच्यामधल्या फटीकडे धावा. मग दोघांनाही ‘हा कुणाचा?’ असा प्रश्न पडतो, आणि त्या प्रश्नात जाणारा वेळ तुमचा असतो.

अंतर किती ठेवायचं? बचावपटूने हात पूर्ण लांब केला तरी त्याच्या बोटांना चेंडू लागू नये आणि त्याहून साधारण अर्धं-एक पाऊल जास्त. यापेक्षा जवळ गेलात तर तो पकडेल किंवा तुम्ही त्याला धडकाल. फार लांबून हूल दिली तर त्याला सावरायला वेळ मिळेल. नवशिक्यांच्या दोन चुकांपैकी लांबून दिलेली हूल ही कमी वाईट, कारण तिच्यातून निदान पास देता येतो.

जवळ येताना बचावपटूचे पाय बघायची सवय लावून घ्या. बहुतेक बचावपटू एक पाय थोडा पुढे ठेवून उभे राहतात. जो पाय पुढे, त्या बाजूने निघणाऱ्याला अडवायचं तर त्याला आधी तो पाय उचलून मागे घ्यावा लागतो आणि कंबर वळवावी लागते. म्हणून पुढच्या पायाच्या बाजूने जाणं सहसा सोपं पडतं. दोन्ही पाय एका रेषेत आणि टाचा जमिनीला टेकलेल्या दिसल्या, तर हुलीचीही गरज नाही, सरळ वेगाने बाजूने निघा.

पावलांचा हिशेब

नियम सगळ्यांना पाठ असतो: चेंडू हातात घेऊन जास्तीत जास्त तीन पावलं आणि तीन सेकंद. पण पाऊल केव्हापासून मोजायचं, हे पुष्कळ खेळाडूंना नीट सांगितलेलं नसतं. हवेत असताना चेंडू झेलला, तर त्यानंतर एक पाय किंवा दोन्ही पाय एकदम जमिनीवर टेकणं हे पाऊल धरत नाहीत. मोजणी त्यापुढच्या पावलापासून सुरू होते. एक पाय जमिनीवर असताना चेंडू घेतलात, तर दुसरा पाय टेकताच पहिलं पाऊल झालं.

हा फरक छोटा दिसतो, पण संपूर्ण हूल त्यावर उभी आहे. उजव्या हाताच्या खेळाडूचं उदाहरण घेऊ. तो डाव्या पायावरून उडी मारतो. चेंडू हवेत झेलून तो दोन्ही पायांवर उतरला, वजन डाव्या पायावर आणि खांदे डावीकडे. बचावपटू तिकडे सरकला. आता डाव्या पायाने जमीन रेटून उजवीकडे निघायचं: उजवा पाय हे पहिलं पाऊल, डावा हे दुसरं, आणि उडी. दोन पावलांत काम झालं. उलट बाजूला, म्हणजे डावीकडे जायचं असेल तर उतरताना वजन उजव्या पायावर. मग डावा, उजवा, डावा आणि उडी. इथे तिन्ही पावलं खर्च होतात. म्हणून डावीकडे निघताना पावलं वाया घालवायला जागा उरत नाही. चेंडू हवेत न घेता पायावर उभं राहून घेतला, तर याच बाजूला हिशेब चुकतो आणि खेळाडू एक तर चार पावलं टाकतो किंवा चुकीच्या पायावरून लटपटत उडी मारतो. डावखुऱ्यांनी हे सगळं उलटं वाचावं.

पावलं संपली आणि अजून पुढे जागा असेल, तर एकदा ड्रिबल करून चेंडू पुन्हा धरला की आणखी तीन पावलं मिळतात. हा मार्ग सुटका म्हणून वापरा, सवय म्हणून नको. ड्रिबलच्या क्षणी चेंडू हातात नसतो आणि चांगला बचावपटू नेमकी त्याच क्षणाची वाट बघत असतो. ड्रिबल करून धरलेला चेंडू परत ड्रिबल करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

रोवणं, थांबणं, रेटणं

आता प्रत्यक्ष हालचाल. चेंडू दोन्ही हातांनी झेला. उतरताना पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले, गुडघे वाकलेले, कंबर खाली, पण पाठ आणि मान सरळ. इथे बरीच मुलं डोकं खाली घालतात. कबड्डी खेळून आलेल्या मुलांमध्ये ही सवय जास्त दिसते, कारण चढाई करताना खाली वाकून हात फिरवणं तिथे उपयोगाचं असतं. हँडबॉलमध्ये डोकं खाली गेलं की पिव्होट दिसत नाही, गोलरक्षक दिसत नाही आणि समोरच्याचं वजन कुठे आहे तेही दिसत नाही.

ज्या बाजूला धमकी दाखवायची, त्या बाजूचा पाय रोवा. फक्त खांदा झुकवून बचावपटू फसत नाही, पायावर खरं वजन यावं लागतं. नजर, खांदा, चेंडू आणि पाऊल हे चारही त्याच बाजूला जाऊ द्या. मग अगदी अल्प विराम. सगळ्यांत अवघड भाग हाच. शिकाऊ खेळाडू रोवलेला पाय टेकतो न टेकतो तोच परत निघतो, आणि बचावपटूला फसायलाही वेळ मिळत नाही. हा विराम मनात आकडे मोजून जमत नाही. बचावपटूचा पाय हलताना दिसला की निघायचं, इतकंच.

निघताना रोवलेल्या पायाच्या बाहेरच्या कडेने नव्हे, तर संपूर्ण चवड्याने जमीन रेटा. पहिलं पाऊल सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत वेगवान हवं, आणि ते बचावपटूच्या पावलाच्या बाजूला किंवा त्याहून पुढे पडायला हवं. आडव्या दिशेने, म्हणजे सहा मीटरच्या रेषेला समांतर पळू नका. असं पळालात की बचावपटू फक्त बाजूला सरकत राहतो आणि तुम्हाला विंगच्या कोपऱ्यापर्यंत पोचवून येतो. तुमचं पाऊल गोलच्या दिशेने तिरकं पडलं पाहिजे. कोणी मला एकच सूचना द्या म्हटलं, तर मी हीच देईन: बाजूला जाऊ नका, पलीकडे जा.

चेंडू सांभाळण्याची रीत दोन्ही बाजूंना वेगळी आहे. उजव्या हाताचा खेळाडू उजवीकडे निघाला की चेंडू उजव्या हातात मागे आणि बचावपटूपासून दूर न्यायचा, आणि डावा खांदा पुढे आणून मधे भिंत उभी करायची. डावीकडे निघताना मात्र चेंडू बचावपटूच्या हाताजवळूनच जाणार असतो. तो छातीसमोरून सरळ नेलात तर बचावपटू हमखास टपली मारून पाडेल. म्हणून दोन्ही हातांनी चेंडू डोक्यावरून किंवा त्याच्या हाताच्या वरून वळसा घालून पलीकडे न्या. मुलींच्या आणि लहान मुलांच्या बाबतीत चेंडूचा आकार योग्य आहे ना, हे आधी तपासा. महिलांचा चेंडू ५४ ते ५६ सेंटीमीटर घेराचा असतो, पुरुषांचा ५८ ते ६० सेंटीमीटरचा. शाळेत एकच मोठा चेंडू असेल तर बारा वर्षांची मुलगी एका हातात तो धरूच शकत नाही, आणि मग हुलीतला फटक्याचा आविर्भाव कुणाला खरा वाटत नाही. आपल्याकडे बऱ्याच मैदानांवर चेंडूला लावायचं मेण मिळत नाही. तिथे सगळ्यांनीच दोन हातांची हूल आधी पक्की करावी.

सरावाचा क्रम

पहिले काही दिवस चेंडू बाजूला ठेवा. पाच-सहा मीटर धावून दोन पावलांत पूर्ण थांबायचं, इतकाच सराव. ज्याला थांबता येत नाही त्याला दिशा बदलता येत नाही, आणि मैदानावरची निम्मी मुलं थांबताना तिसरं-चौथं पाऊल टाकताना दिसतील. थांबणं जमलं की थांबून डावीकडे, थांबून उजवीकडे. मग चेंडू: स्वतःच वर उडवायचा, उडी मारून हवेत घ्यायचा आणि दोन्ही पायांवर उतरायचं. मार्करचा उपयोग याच टप्प्यावर आहे आणि तो आठवडाभरापेक्षा जास्त नसावा.

यानंतर खरा सराव सुरू होतो. तीन मीटर रुंदीची गल्ली आखा. बचावपटू हात पाठीमागे बांधून मधे उभा. आक्रमक धावत येतो, चेंडू घेतो, एका बाजूला पाय रोवतो. बचावपटूला दोन पर्याय: तिकडे सरकायचं किंवा जागेवर राहायचं. तो सरकला तर आक्रमकाने उलट बाजूने जायचं. तो जागेवरच राहिला, तर ज्या बाजूला हूल दाखवली त्याच बाजूने पुढे निघायचं. या सरावात मुलांचा सुरुवातीला फार गोंधळ उडतो, कारण त्यांनी मनात आधीच ठरवलेलं असतं की डावीकडे दाखवायचं आणि उजवीकडे जायचं. तो गोंधळ होऊ द्या. त्यातूनच त्यांना कळतं की निर्णय बचावपटूच्या उत्तरावर अवलंबून आहे. माझ्या मते संपूर्ण हूल-सरावातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. वेळ कमी असेल तर बाकी सगळं गाळा, हा गाळू नका.

हे जमल्यावर बचावपटूचे हात मोकळे करा, मग त्याला अंगाने अडवू द्या, मग गल्ली चार-पाच मीटर रुंद करून दोघांसमोर दोघे खेळवा. दोघांसमोर दोघे हा टप्पा फार उशिरा ठेवू नका. चांगल्या हुलीने एका बचावपटूच्या पलीकडे गेलात की शेजारचा मदतीला येतो, आणि मग तुमचा साथीदार मोकळा होतो. हूल देऊन आत शिरलेल्या खेळाडूने अशा वेळी फटका मारायचा हट्ट धरला, तर त्याने आपल्याच संघाचा सोपा गोल घालवला. शेवटी पिव्होट घ्या आणि तिघांसमोर तिघे खेळवा.

बारा वर्षांखालच्या मुलांना पावलांचा हिशेब शिकवत बसू नये. त्यांना आट्यापाट्या खेळवा. पाटी अडवून उभा असलेला गडी, त्याच्यासमोर एका बाजूला झुकून दुसऱ्या बाजूने पाटी ओलांडणारा गडी, ही हँडबॉलमधली एकास एक झुंजच आहे, फक्त चेंडू नाही. त्यात मुलगा समोरच्याच्या पायांकडे बघायला आपोआप शिकतो. चुन्याच्या चार रेघा मारल्या की मैदान तयार होतं, साहित्य काही लागत नाही. अर्धा तास आट्यापाट्या आणि मग त्याच रेघांवर चेंडू घेऊन तोच खेळ, असं करून बघा.

सराव किती करायचा? अंग तापल्यावर, पण दमण्याआधी. प्रत्येक बाजूला सहा-आठ वेळा, मधे पूर्ण श्वास घ्यायला विश्रांती, एकूण वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा. सरावाच्या शेवटी, पाय जड झालेले असताना हुलीच्या फेऱ्या मारायला लावणं ही चुकीची आणि धोक्याची पद्धत आहे.

गुडघे

धोक्याची म्हणजे काय, ते सविस्तर सांगायला हवं. हँडबॉलमध्ये गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाच्या गंभीर दुखापती बऱ्याचदा धक्क्याशिवाय होतात: एक तर पाय रोवून दिशा बदलताना, नाहीतर उडी मारून एका पायावर उतरताना. म्हणजे नेमकी हुलीचीच हालचाल. मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. रोवलेल्या पायाचा गुडघा आतल्या बाजूला कोसळतो आणि पाऊल बाहेर वळलेलं राहतं, तेव्हा अस्थिबंधावर सगळा ताण येतो.

यावर उपाय आहे आणि तो तपासून पाहिलेला आहे. नॉर्वेतल्या ओस्लोच्या संशोधकांनी १२० क्लबांमधल्या १५ ते १७ वर्षांच्या १,८३७ हँडबॉलपटूंवर केलेला अभ्यास २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. निम्म्या क्लबांनी सरावाच्या सुरुवातीला १५-२० मिनिटांचा ठरावीक वॉर्म-अप केला: धावणं, पाय रोवून वळण्याचं आणि उतरण्याचं तंत्र, एका पायावर तोल, आणि मांड्यांची ताकद. हंगामाच्या सुरुवातीला सलग १५ सराव, नंतर आठवड्यातून एकदा. या क्लबांमध्ये गुडघ्याच्या आणि घोट्याच्या दुखापतींचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आपल्याला यातलं काहीच महागडं करायचं नाही. एका पायावर उभं राहून साथीदाराबरोबर चेंडू फेकणं, एका पायावर अर्धं बसणं, उडी मारून दोन्ही पायांवर आवाज न करता उतरणं, आणि गुडघे टेकून बसलेल्या खेळाडूचे घोटे साथीदाराने धरल्यावर हळूहळू पुढे झुकणं, एवढं पुरे आहे. प्रत्येक वेळी एकच तपासणी: गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का? एकमेकांच्या समोर उभं राहून मुली ही तपासणी स्वतःच करू शकतात, आणि बाहेरून ओरडणाऱ्या प्रशिक्षकापेक्षा ती नीट होते.

मैदानही बघा. आपल्याकडे हँडबॉल बऱ्याच ठिकाणी मातीवर किंवा सिमेंटवर खेळला जातो. मातीवर खडी पसरलेली असेल तर रोवलेला पाय सरकतो. सरावाआधी झाडून आणि हलकं पाणी मारून घ्या. सिमेंटवर नेमकं उलटं होतं. नव्या रबरी तळव्याचा बूट इतका घट्ट धरतो की पाऊल वळतच नाही आणि वळतो तो गुडघा. अशा जमिनीवर अगदी तीव्र कोनातली हूल टाळा आणि दिशा थोड्या मोठ्या वळणाने बदला. तळवे पूर्ण झिजलेले बूट दोन्हीकडे वाईट. गुडघा सुजला, आतून ‘टक्’ असा आवाज आला किंवा पाय भरवशाचा वाटेनासा झाला, तर तेल चोळून दुसऱ्या दिवशी मैदानात उतरू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

बाकीच्या हुली

फटक्याची हूल हाताने नाही, पूर्ण शरीराने द्यावी. पाऊल, वर आलेला गुडघा आणि मागे गेलेला हात, हे सगळं खऱ्या फटक्यासारखं झालं की बचावपटू हात वर करून बाहेर येतो. मग त्याच्या हाताखालून पिव्होटला पास किंवा बाजूने प्रवेश. पासची हूल द्यायला मनगट आणि नजर लागते, आणि ती विंगकडे बघून दिली तर सहसा चालते. पाठ फिरवून घेतलेली गिरकी पिव्होटच्या कामाची आहे, पण चौदा वर्षांखाली ती शिकवू नये असं माझं ठाम मत आहे. पाठ वळल्यावर मुलाला काहीच दिसत नाही आणि तो ती प्रत्येक वेळी वापरू लागतो. दुहेरी हूल मोहक दिसते, पण साधी हूल दोन्ही बाजूंना जमेपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नका.

विंगच्या खेळाडूला चेंडूशिवायची दिशाबदलाची कला जास्त लागते. कोपऱ्यात उभं राहून चेंडूची वाट बघणाऱ्या विंगला कोणीही सहज सांभाळतो. रेषेकडे दोन पावलं टाकून अचानक मधे कापणाऱ्याला सांभाळताना बचावपटूला चेंडू आणि माणूस एकदम दिसेनासे होतात. जलद प्रतिहल्ल्यातही असंच. तिथे दिशेपेक्षा वेग बदलणं उपयोगी: थोडं हळू व्हायचं, मागचा बचावपटू सैल पडला की पुन्हा पळायचं.

पंचांच्या नजरेतून

बचावपटू तुमच्यासमोर आधीच जागा घेऊन उभा असेल आणि तुम्ही त्याच्यावर धावून किंवा उडी मारून गेलात, तर चूक तुमची. चेंडू जातो. पण तुमचा खांदा त्याच्या पलीकडे पोचला आणि त्यानंतर त्याने बाजूने किंवा मागून हात घातला, तर चूक त्याची. गोलची उघड संधी हिरावली गेली असेल तर सात मीटरचा थ्रो मिळतो, आणि पकड धोकादायक असेल तर दोन मिनिटांची शिक्षाही होऊ शकते. म्हणून पहिलं लांब पाऊल पलीकडे पडण्यावर मी इतका भर देतो आहे. धडक कुणाची, हे पंच पुष्कळदा त्या एका पावलावरून ठरवतात.

निष्क्रिय खेळाचा इशारा म्हणून पंचांचा हात वर गेला की २०२२ पासून फक्त चार पास उरतात. इथे एक बारकावा बऱ्याच संघांना माहीत नसतो. इशाऱ्यानंतर बचावपटूने तुम्हाला धरलं आणि फ्री थ्रो मिळाला, तरी पासांची मोजणी तिथूनच पुढे चालू राहते. त्यामुळे अशा वेळी अर्धवट हूल देऊन पकडलं जाणं म्हणजे वेळ घालवणं. एक तर पूर्ण पलीकडे जा, नाहीतर नऊ मीटरवरून स्वच्छ फटका घ्या. फटका गोलच्या खांबाला किंवा गोलरक्षकाला लागून परत तुमच्याकडे आला, तर इशारा मागे घेतला जातो.

सामन्याच्या दिवशी

पहिल्या काही हल्ल्यांत एकदा तरी डावीकडे आणि एकदा तरी उजवीकडे पाय रोवून बघा. लगेच गोल व्हायची गरज नाही. तुमच्या समोरचा बचावपटू पहिल्या हालचालीला लगेच उत्तर देतो की थांबून बघतो, एवढं कळलं पाहिजे. लगेच सरकणाऱ्यासमोर साधी हूल पुरते. थांबणाऱ्यासमोर हूल लांबवू नका, दाखवलेल्या बाजूनेच वेगाने आत शिरा. तो दोनदा असा चुकला की तिसऱ्यांदा लवकर सरकू लागेल, आणि तेव्हा उलटी बाजू मोकळी होईल.

सामन्यात एखाद्या राखीव खेळाडूला वहीत नोंद करायला बसवा: कुणी, कोणत्या बाजूला हूल दिली आणि शेवट काय झाला. गोल, पास, फ्री थ्रो, आक्रमकाची चूक किंवा चेंडू सुटला. अशा दोन-तीन सामन्यांच्या नोंदी हाताशी आल्या की बहुतेक उजव्या हाताचे खेळाडू एकाच बाजूने जाताना दिसतील. पुढच्या आठवड्याच्या सरावात त्यांना तीन मीटरच्या गल्लीत दुसऱ्याच बाजूपासून सुरुवात करायला लावा. आणि मध्यंतरात, पाणी पिताना, समोरचा बचावपटू कोणत्या पायावर उशिरा वळतो हे बदली म्हणून उतरणाऱ्या साथीदाराच्या कानावर घाला.